मिराक्युलस : हॉक मॉथ ओळखायचा असेल तर आधी भागांचा क्रम लावा

'मिराक्युलस' या कार्टून मालिकेचा पहिला सीझन 26 भागांचा, एकेक भाग साधारण 22 मिनिटांचा. मुखवट्यामागचा व्हिलन हॉक मॉथ कोण, हा वाद गावातल्या पोट्ट्यांमध्ये रंगवायचा असेल तर त्यातले पाचच भाग पुरतात. पण ते ओळीनं लागले पाहिजेत. मधूनच कुठला तरी भाग लावला की कोडं संपतं आणि उरते नुसती ढिशुम-ढिशुम.

थॉमस अस्त्रुक यांनी घडवलेली ही फ्रेंच मालिका सप्टेंबर 2015 मध्ये आधी दक्षिण कोरियात आणि ऑक्टोबरमध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली. पॅरिसमधल्या बेकरीवाल्याची मुलगी मॅरिनेट ही लेडीबग नावाची सुपरहिरो, एका नामांकित फॅशन डिझायनरचा मुलगा एड्रियन हा तिचा जोडीदार कॅट नॉयर. दोघं खांद्याला खांदा लावून लढतात, पण एकमेकांची खरी ओळख त्यांना ठाऊक नाही. तिच्या कानातल्यांत आणि त्याच्या अंगठीत जादू आहे. हे दोन्ही दागिने हॉक मॉथला हवेत.

त्याच्या कामाची पद्धत नीट समजून घ्या, सगळा वाद तिथंच अडतो. शहरात कुणी दुखावलं, चिडलं, अपमान होऊन घरी गेलं की याला अड्ड्यावर बसल्या जागी कळतं. गोल खिडकीपाशी उभा राहून तो एक पांढरं फुलपाखरू हातात घेतो, वरून दुसरा हात झाकतो आणि सोडतो तेव्हा ते काळं झालेलं असतं. हा अकुमा. जपानीत या शब्दाचा अर्थ राक्षस. तो उडत जाऊन त्या माणसाच्या एखाद्या वस्तूत शिरतो, माणसाच्या चेहऱ्याभोवती फुलपाखराच्या आकाराची जांभळी रेघ उजळते आणि सौदा ठरतो : शक्ती मी देतो, दागिने तू आण. म्हणून पारावर हटकून येणारा 'थो त तवा घरीच होता, मंग थो कसा असन?' हा मुद्दा इथं चालत नाही. गुन्हा घरबसल्याच होतो. बचाव एकच टिकतो : संशयित आणि हॉक मॉथ एकाच वेळी दोन जागी दिसले का?

आता क्रम. बऱ्याच याद्यांत 'स्टॉर्मी वेदर' पहिला असतो, कारण प्रसारणात तोच आधी आला. तो बाजूला ठेवा. कथेच्या हिशेबानं 'ओरिजिन्स'चे दोन भाग आधी येतात. त्यात हॉक मॉथ आपल्या दागिन्यातल्या नूरू नावाच्या इवल्याशा जीवाशी बोलतो, पण दिसते ती अंधारातली आकृती. लेडीबगची पहिली चूकही इथलीच : दगडी राक्षसाची वस्तू ती फोडते आणि आतलं फुलपाखरू पकडायला विसरते. मग त्या एकाचे कितीतरी होतात. म्हातारे मास्टर फू यांच्यावर कुणाचा संशय असेल तर तो इथंच मिटतो, कारण फुलपाखराचा दागिना वाईट हाती गेलाय हे ओळखून दोन्ही पोरांची निवड करणारे तेच.

तिसरा 'द बबलर'. निनो आपल्या मित्राच्या, म्हणजे एड्रियनच्या, वाढदिवसाची पार्टी मागायला त्याच्या वडिलांकडे जातो, नकार घेऊन येतो आणि लगेच अकुमाच्या तावडीत सापडतो. चौथा 'सायमन सेज', यात हिप्नोटिझम करणाऱ्या माणसाच्या निशाण्यावर तेच वडील. पाचवा 'व्होल्पिना', यात त्यांच्या बायकोच्या चित्रामागची तिजोरी उघडताना दिसते. ती उघडली की थांबवा. आत काय काय ठेवलंय ते पोरांना एकेक करून मोजायला लावा.

पाच भागांची एकूण 110 मिनिटं. एका बसणीत संपतं, मध्ये चहापाणीही होतं.

बघताना वहीत तीन रकाने पाडले की भांडण गोंगाटावर जात नाही : दुखावलेला माणूस शेवटी कुणाला भेटला होता, अकुमा कोणत्या वस्तूत शिरला, आणि संशयित तेव्हा पडद्यावर होता का. पहिला रकाना सगळ्यात कामाचा. आवाजाचा पुरावा मात्र जपून. फ्रेंचमध्ये अंत्वान तोमे आणि इंग्रजीत कीथ सिल्व्हरस्टीन यांनी हॉक मॉथसोबत आणखी एका पात्राला आवाज दिलाय, त्यामुळे तिथं कान तयार असलेल्याला लवकर सुगावा लागतो. हिंदी डबिंगवर विसंबून 'आवाज सेमच हाय' म्हणू नये. डबिंगमध्ये एकच कलाकार एकाहून जास्त पात्रं बोलू शकतो. 'चष्मा काढला, मुखवटा घातला तर ओळखू कसा येत नाही?' हा प्रश्नही बाद. मुखवट्यामागची ओळख जादूच झाकते, असा मालिकेचा नियम आहे.

इथपर्यंत आल्यावर चिठ्ठ्या टाकून मतदान घ्यावं. ज्यांना उत्तर नको त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

हॉक मॉथ म्हणजे गेब्रिएल अग्रेस्ट, एड्रियनचा बाप. दुसऱ्या सीझनमधला 'द कलेक्टर' (2017) हे उघड करतो, आणि सगळ्या मालिकेत डोकं लावून लिहिलेला भाग कोणता म्हणाल तर हाच. तिजोरीतलं जादूच्या दागिन्यांचं पुस्तक गायब झालंय, ते कुणाचं होतं हे लेडीबगला कळलंय, संशय थेट गेब्रिएलवर. तेव्हा हा गडी काय करतो? आधी अकुमा तयार करतो, मग हॉक मॉथचं रूप उतरवतो आणि ते फुलपाखरू स्वतःच्याच वस्तूत शिरू देतो. जो स्वतः शिकार झाला तो शिकारी कसा असेल, एवढ्यावर लेडीबगचा संशय फिटतो. वाद खरा पेटतो तो इथं. 'सायमन सेज'मध्ये त्याच्यावरच हल्ला झाला होता, हा बचावपक्षाचा हुकमी मुद्दाही आता उलटा फिरतो. भाग पुन्हा लावून या लढाईत जांभळी रेघ किती वेळा उजळते ते मोजा. पलीकडून बोलणारा कुणी असेल तरच ती उजळायला पाहिजे. लेडीबगनं एवढं मोजलं असतं तर मालिका दुसऱ्या सीझनलाच आटोपली असती.

खोट काढायचीच तर ती साच्यात आहे. पहिल्या सीझनचे बहुतेक भाग कुठूनही बघता यावेत असे बांधलेत : कुणी दुखावतो, अकुमा, मारामारी, लकी चार्म या लेडीबगच्या जादूतून पडलेली विचित्र वस्तू, शेवटी सगळं पूर्ववत. रूपांतराचं तेच दृश्य दर वेळी लागतं, ते पुढे ढकललं तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या सीझनपासून रहस्य प्रेक्षकासाठी संपतं, पात्रांसाठी चालू राहतं. मजा तशीही येते, पण ती वेगळी.

कोडं फुटतं ते बहुधा मोबाइलमुळे. मालिकेचं नाव शोधलं की खालच्या सूचनांत आणि व्हिडिओंच्या चित्रांत उत्तर छापलेलंच असतं. म्हणून शोधण्याचं काम मोठ्या दादा-ताईंनी करावं, पाचही भाग आधी उतरवून ठेवावे आणि पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. मध्यम दर्जावर एका भागाला पाव जीबीच्या आसपास डेटा लागतो, म्हणजे पाच भागांना सव्वा. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये बसतं, पण संध्याकाळी अख्खं गाव मोबाइलवर असताना काढायला गेलात तर चाक फिरत राहील. पहाटे काढा.

नावाचीही एक गंमत. फ्रेंचमध्ये याला नुसतं पापियों म्हणतात, म्हणजे फुलपाखरू. इंग्रजीवाल्यांनी त्याचा हॉक मॉथ केला. आपल्याकडे तिळाच्या शेतात शेपटावर काटा असलेली, बोटाएवढी जाड अळी दिसते ना, तिचा जो पतंग होतो तो हॉक मॉथच्या कुळातला. शेतातल्या पोराला एवढं सांगितलं की त्याला व्हिलन लगेच जवळचा वाटू लागतो.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या लाकडी नंदीच्या पोळ्याला, हे सोंग घ्यायचं असेल तर मुखवटा चंदेरी, डोकं आणि कान पूर्ण झाकणारा, तोंड आणि हनुवटी उघडी. पुठ्ठ्याचा करू नका, त्या दिवसांत पाऊस असतो आणि घामानंही तो लोळागोळा होतो. जुन्या टी-शर्टची बाही शिवून तिला चंदेरी रंग दिला की टिकतो. सूट जांभळा, हातात काठी. तोंड मोकळं असल्यानं नंदी घेऊन दारोदार बोजारा (पोरांना मिळणारे पैसे-खाऊ) मागताना आवाज दबत नाही, आणि बोजाऱ्यात मिळालेला खाऊ मुखवटा न काढता खाता येतो.