आठ महिने खऱ्या विदेवर: ‘आर’ वापरून वितरणे शिकण्याचा अनुभव

संख्याशास्त्रातील वितरणे, म्हणजे कोणता आकडा किती वेळा येतो याचे नमुने, मी पहिल्यांदा शिकले ती सूत्रांच्या तक्त्यातून. प्रसामान्य, द्विपद, प्वासाँ, घातांकी ही नावे, प्रत्येकाचा मध्य (सरासरी), प्रत्येकाचे प्रचरण (आकडे मध्याभोवती किती पसरलेले आहेत याचे माप), आणि प्रश्नाच्या सुरुवातीला ‘येथे अमुक वितरण लागू आहे असे माना’ हे वाक्य. काय मानायचे ते आधीच सांगितलेले असल्यामुळे वितरण ओळखण्याची वेळ कधी आलीच नाही. गेले आठ महिने मी ‘आर’ ही मोफत संगणकीय प्रणाली आणि तिच्यासोबतच येणारा ‘डेटासेट्स’ हा विदासंचांचा, म्हणजे आकडेवारीच्या संचांचा, संग्रह वापरून तोच विषय पुन्हा शिकत आहे. संग्रहात नसलेले दोन-तीन जुने विदासंच छापील तक्त्यांवरून मी हाताने भरले.

प्रणालीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990 च्या दशकात ती सुरू केली, आणि आज ती कोणत्याही साध्या संगणकावर चालते. विदासंचाचे नाव टाइप केले की आकडे समोर येतात, आणि नावाआधी प्रश्नचिन्ह घातले की त्या विदेची माहिती देणारे पान उघडते. हे पान मी पहिले दोन महिने वाचलेच नाही. ती चूक किती महाग पडली ते पुढे येईलच.

सुरुवात मी हाताने भरलेल्या तक्त्यापासून केली. लादिस्लाउस फॉन बोर्टकिएविच यांनी 1898 मध्ये प्रशियाच्या सैन्यातील एक नोंद प्रसिद्ध केली होती: घोड्याच्या लाथेने दरवर्षी प्रत्येक कोअरमध्ये (सैन्याच्या मोठ्या विभागात) किती सैनिक मरण पावले. 10 कोअर आणि 20 वर्षे मिळून 200 नोंदी होतात. त्यांपैकी 109 नोंदींमध्ये एकही मृत्यू नाही, 65 मध्ये एक, 22 मध्ये दोन, तीन नोंदींमध्ये तीन आणि एका नोंदीत चार. एकूण मृत्यू 122, म्हणजे सरासरी 0.61. ही एकच संख्या क्वचित घडणाऱ्या घटना मोजणाऱ्या प्वासाँच्या सूत्रात घातली की अपेक्षित वारंवारता 108.7, 66.3, 20.2, 4.1 आणि 0.6 अशा निघतात. हे जुळणे पाहून कोणीही हरखून जाईल, तशी मीही गेले. पण खरे शिक्षण त्यानंतर झाले. 0.61 मध्य असलेल्या प्वासाँ वितरणातून 200 यादृच्छिक संख्या काढायच्या, त्यांचा असाच तक्ता करायचा आणि हे शेकडो वेळा करायचे, असा खेळ मी मांडला. तेव्हा दिसले की ज्या संख्या निश्चितपणे प्वासाँ वितरणातूनच आल्या आहेत, त्यांचेही तक्ते बहुतेक वेळा सूत्राशी या सैन्याच्या तक्त्याइतके चांगले जुळत नाहीत. योग्य वितरणातून आलेली विदासुद्धा किती हेलकावे खाते, याचा अंदाज मला सूत्रांनी कधी दिला नव्हता.

मूळ नोंद 14 कोअरची होती, हे मला नंतर कळले. रचनेने वेगळ्या असलेल्या चार कोअर बाजूला ठेवल्यावर या 200 नोंदी उरतात. सर्व 280 नोंदी घेतल्या तर मृत्यू 196 होतात, मध्य 0.70 येतो, पण प्रचरण 0.76 पर्यंत जाते, आणि प्वासाँमध्ये तर ही दोन्ही समान असायला हवीत. फरक मोठा नाही, पण ज्या तक्त्यावर आपण हरखलो तो आधी निवडून घेतलेला होता, ही गोष्ट मनात राहिली.

यलोस्टोनमधील ओल्ड फेथफुल या उष्णोदकाच्या कारंज्याचा ‘फेथफुल’ हा विदासंच माझ्या मते या संग्रहातील सर्वांत शिकवणारा आहे. त्यात 272 उद्रेकांची नोंद आहे. उद्रेकाच्या कालावधीची सरासरी साधारण 3.49 मिनिटे येते, आणि आयतालेख (वारंवारता दाखवणारा खांबांचा आलेख) काढला की सुमारे 2 मिनिटांपाशी एक आणि सव्वाचार मिनिटांच्या आसपास दुसरे अशी दोन शिखरे दिसतात. सरासरी पडते ती मधल्या दरीत, जिथे उद्रेक फारच थोडे आहेत. प्रसामान्य वितरणाचा घंटेच्या आकाराचा, एकाच शिखराचा वक्र येथे बसवून पाहावा. न बसणे म्हणजे काय असते ते एकदा डोळ्यांनी बघितलेले बरे. मी बरेच दिवस दोन प्रसामान्य वितरणांचे मिश्रण बसवण्यात घालवले आणि एका शिखराभोवती आकडे विचित्रपणे गोळा होतात म्हणून स्वतःच्या गणितावर संशय घेत राहिले. अखेर ते माहितीचे पान उघडले. त्यात स्पष्ट लिहिले आहे की या वेळा मुळात सेकंदांत मोजलेल्या असून बऱ्याच प्रमाणात पूर्णांकित केलेल्या आहेत, आणि पाचच्या पटीतले सेकंद अपेक्षेपेक्षा जास्त वेळा येतात. म्हणजे कारंज्याच्या वितरणात घड्याळ पाहणाऱ्या माणसाची सवयही मिसळलेली आहे. याच कारंज्याची 1985 च्या ऑगस्टमधील 299 उद्रेकांची दुसरी नोंद ‘आर’ला जोडता येणाऱ्या ‘मास’ या पॅकेजमध्ये आहे. तिच्यात तर रात्रीचे काही कालावधी मुळात ‘लहान, मध्यम, मोठा’ एवढेच लिहिलेले होते आणि नंतर त्यांना 2, 3, 4 मिनिटे असे आकडे दिले गेले. कारण ठाऊक नसलेल्या माणसाला त्या आलेखातले उंच खांब निसर्गाचेच वाटतील.

या अनुभवानंतर मी प्रत्येक विदासंचाला एकच प्रश्न विचारू लागले: हा आकडा यादीत कसा आला, आणि कोणता आला नाही? ‘क्वेक्स’मध्ये 1964 पासून फिजीजवळ झालेल्या 1,000 भूकंपांची नोंद आहे. गुटेनबर्ग-रिश्टर नियमानुसार तीव्रता एक एककाने कमी झाली की भूकंपांची संख्या साधारण दहापट वाढते, म्हणून सर्वांत उंच खांब डाव्या टोकाला असायला हवा. प्रत्यक्षात शिखर 4.5 च्या आसपास आहे आणि 4 कडे जाताना संख्या घटते. पूर्वीची मी येथे एखादे शिखरवाले वितरण बसवून मोकळी झाले असते. आता आधी पाहिले ते नोंद करणाऱ्या केंद्रांच्या संख्येचा रकाना, ज्यातील किमान आकडा 10 आहे. लहान भूकंप इतक्या केंद्रांपर्यंत पोहोचत नाहीत, आणि यादीची सीमाच 4 ला आहे. डावीकडचा उतार पृथ्वीपेक्षा उपकरणांबद्दल अधिक सांगतो, असे माझे मत झाले. शिखराच्या उजवीकडची बाजू मात्र लॉगच्या मापावर (ज्यात प्रत्येक पायरी दहापटीची असते) बऱ्यापैकी सरळ रेषेत उतरते.

द्विपद वितरणासाठी मी प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांचे फासे घेतले. 12 फासे 26,306 वेळा टाकून पाच किंवा सहा किती पडले याची ही नोंद कार्ल पिअर्सन यांनी 1900 मध्ये काय-वर्ग कसोटी, म्हणजे विदा मानलेल्या वितरणाशी जुळते का हे तपासण्याची रीत, मांडताना वापरली. पाच-सहाचे प्रमाण 0.3333 ऐवजी 0.3377 आले. आलेखावर हा फरक जवळजवळ दिसत नाही, पण फाशांची एकूण संख्या 3,15,672 असल्यामुळे तो प्रमाण त्रुटीच्या (निव्वळ योगायोगाने अपेक्षित असलेल्या चढउताराच्या) पाचपटीहून अधिक भरतो. विदा मोठी झाली की कसोटी कोणतेही वितरण नाकारू लागते, ही माझी सुरुवातीची तक्रार येथे मिटली: कसोटी खोटे बोलत नव्हती, फासेच किंचित कलते होते.

आता उणिवांकडे. पहिली म्हणजे आयतालेखाच्या खांबांची आपोआप ठरणारी संख्या. ती 1926 मधील स्टर्जेस यांच्या नियमाने ठरते, आणि तो नियम साधारण प्रसामान्य विदा गृहीत धरून केलेला असल्याने एका बाजूला झुकलेल्या विदेचे त्याने फार नुकसान होते. ‘रिव्हर्स’मधील उत्तर अमेरिकेतील 141 नद्यांच्या लांबीचा आयतालेख सहज काढला तर पहिल्याच खांबात निम्म्याहून अधिक नद्या जमा होतात. खांबांची संख्या नेहमी स्वतः बदलून पाहावी. दुसरी उणीव पद्धतीची आहे: आयतालेख काढला की आकड्यांचा क्रम पुसला जातो. ओल्ड फेथफुलमध्ये छोट्या उद्रेकानंतर बहुधा मोठा येतो, आणि ही गोष्ट वितरणात कुठेच दिसत नाही. नुसती वितरणे शिकणाऱ्याला स्वतंत्र नोंदी म्हणजे काय हे यामुळे उशिरा कळते. मला पाचवा महिना लागला. शिवाय माहितीची पाने इंग्रजीत आणि अतिशय त्रोटक आहेत. ज्याला मध्य, मध्यक आणि प्रमाण विचलन यांची ओळख नाही, त्याने या वाटेने सुरुवात करू नये. ज्याने सूत्रे पाठ केली आहेत पण ती कुठे लावायची हे ज्याला सुचत नाही, त्याला मी ही वाट जरूर सुचवेन, आणि रोज नवा विदासंच उघडण्यापेक्षा एकाच विदासंचासोबत दोन आठवडे काढायला सांगेन.

नद्या मला अजून सुटलेल्या नाहीत. लांबीचा मध्यक 425 मैल, मध्य 591 मैल आणि सर्वांत लांब नदी 3,710 मैल, असे आकडे पाहिले की लॉगप्रसामान्य वितरण (आकड्यांचे लॉग घेतले की जे प्रसामान्य होते) लगेच सुचते. पण लॉग घेतल्यावरही उजवी शेपटी डावीपेक्षा लांबच राहते. यादी फक्त ‘प्रमुख’ नद्यांची आहे आणि तिच्यात 135 मैलांपेक्षा लहान नदी एकही नाही, त्यामुळे डावी बाजू कापली गेली असावी असा माझा तर्क आहे. सध्या मी खालून छाटलेले लॉगप्रसामान्य वितरण बसवून पाहत आहे.