आईएनआरसाठी आता नागपूरले जायची गरज नाही, आमच्या तालुक्यातल्या या लॅबचा अनुभव

मागच्या वर्षी आईचा पाय मोडला, दीड महिना प्लास्टर होतं, ते काढल्यावर पोटरी सुजली आणि चार दिवसांनी चुलीजवळून उठून दारापर्यंत आली तरी धाप लागे. इकडच्या एका दवाखान्यात गॅस झाला म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं, तो राग अजून आहे. नागपूरले सीटी केला तर दोन्ही फुफ्फुसात रक्ताच्या गुठळ्या, पायातूनच वर गेलेल्या, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजव्या बाजूवर ताण. बीपी टिकून होता म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो म्हणे. पोटात हेपरिनची इंजेक्शनं दिली आणि मग रक्त पातळ ठेवायची असिट्रोमची गोळी सुरू केली. ही गोळी गुठळी विरघळवत नाही, नवीन होऊ देत नाही, जुनी वाढू देत नाही, विरघळवायचं काम शरीर स्वतःच हळूहळू करते, हे मले तिथंच समजलं.

पण खरी परीक्षा घरी आल्यावर. आईएनआर म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, जितका जास्त तितकं रक्त पातळ, तो 2 ते 3 मध्ये पाहिजे, सुरुवातीले दर आठवड्याले तपासणी, आणि नागपूर 90 किलोमीटर. तेव्हा ही लॅब सापडली.

सकाळी 7 ले लॅबवाले भाऊ स्वतः हजर असतात. निळ्या टोपणाची नळी त्यातल्या रेषेपर्यंतच भरावी लागते, आत औषध मोजून टाकलेलं असते, रक्त कमी पडलं तर रिपोर्ट चुकते. एकदा आईची शीर सापडेना, नळी अर्धीच भरली, तर भाऊंनी ती सरळ फेकली, "माय, परत टोचतो, पण चुकीचा आकडा नाही देत" म्हणाले आणि दुसऱ्या हातातून घेतलं, पैसे एकदाचेच. दुपारी बारापर्यंत रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर.

हिवाळ्यात घरी सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) झाली, आई दोन दिवस तेच खात होती, आईएनआर 1.4 वर उतरला. भाऊ म्हणाले हिरव्या पाल्यानं गोळीचा असर कमी होते, पण सांबार, पालक, मेथी बंद करू नका, पण रोज सारखंच खा, एका दिवशी ढीगभर नको. आणि एकदा जुलाब लागले म्हणून मी मेडिकलवरून मेट्रोनिडाझोल आणून दिली, तर आकडा 4.8! भाऊंनी रिपोर्ट पाठवायच्या आधी फोन केला, हिरड्यातून रक्त येते का, लघवी लाल आहे का, आत्ताच डॉक्टरले फोन लावा. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवायला लावली. तेव्हापासून दुसरी कोणतीही गोळी, अंगदुखीची सुद्धा, विचारल्याशिवाय देत नाही.

रविवारी बंद असते आणि बसायले दोनच खुर्च्या आहेत, म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागते, तेवढं पाहा भाऊ. बाकी 5 स्टार. नागपूरच्या फाईलमध्ये प्रत्येक तारखेपुढं आकडा आणि गोळीचा डोस तुम्हीच पेनानं लिहून देता, मागच्या वेळी डॉक्टरांनी तेच पान पाहून डोस ठरवला.