काळ्या गाडीचा रंग घरीच पॉलिश केल्यानंतरचे आठ महिने

माझी गाडी काळी आहे. नवी होती तेव्हा तिच्या बॉनेटमध्ये ढगांचे स्वच्छ प्रतिबिंब पडत असे. पाचव्या वर्षी मात्र रात्री दिव्याखाली उभी केली की दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसत, आणि भर उन्हात तोच काळा रंग राखाडी वाटे. आठ महिन्यांपूर्वी पूर्ण दोन दिवस देऊन मी तो रंग घरीच पॉलिश केला आणि त्यावर संरक्षक थर चढवला. गाडी रोजच्या वापरातली आहे, उघड्यावर उभी असते आणि दर पंधरा दिवसांनी मी ती स्वतः धुतो. काम झाल्याबरोबर लिहिले असते तर केवळ चकाकीचे वर्णन झाले असते, म्हणून मुद्दाम इतके दिवस थांबलो.

ती वर्तुळे खरे तर वर्तुळे नसतात. रंगावर बारीक ओरखडे सगळ्या दिशांनी पडलेले असतात. त्यांपैकी प्रकाशाला आडवे असलेले ओरखडे तेवढे आपल्या डोळ्यांकडे चमकतात आणि दिव्याभोवती गोल रेघा असल्याचा भास होतो. पांढऱ्या गाडीवरही तितकेच ओरखडे असू शकतात, पण काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारी प्रत्येक रेघ उठून दिसते. हे ओरखडे काळ्या रंगात नसून त्यावरच्या पारदर्शक थरात असतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सर्व थर मिळून साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात आणि त्यांतला वरचा पारदर्शक थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे लिहिण्याच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा असतो. पॉलिश करणे म्हणजे हा थर ओरखड्याच्या तळापर्यंत घासून सपाट करणे. ही शिल्लक पुन्हा भरून निघत नाही, हे समजल्यावर माझी यंत्र हातात घेण्याची घाई कमी झाली.

ओरखडे आले कुठून, याचे उत्तर माझ्याच रोजच्या सवयीत होते. सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकून गाडी लख्ख केल्याचे समाधान मी पाच वर्षे मानत होतो. धुळीत वाळूचे कण असतात, ते पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण असतात आणि फडक्याखाली दाबून फिरवले की सँडपेपरचेच काम करतात.

पॉलिशपूर्वी गाडी नीट धुऊन, लोहकण विरघळवणारे द्रावण मारले. ब्रेकच्या धुळीतले सूक्ष्म लोहकण रंगात रुतून बसलेले असतात आणि त्यांच्या जागी जांभळे ओघळ दिसू लागतात. मागच्या बंपरवर ते सर्वांत जास्त निघाले. त्यानंतर भरपूर ओलावा ठेवून क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवला. हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून बोटे फिरवली तर उरलेला खरखरीतपणा सहज कळतो. क्लेचा एक तुकडा जमिनीवर पडला, तो लगेच फेकून दिला, कारण त्यात रुतलेला एक खडाही दरवाजाभर रेघ ओढू शकतो.

यंत्र मी ड्युअल अ‍ॅक्शन प्रकारचे, १५ मिलिमीटर फेकीचे, म्हणजे तेवढ्या वर्तुळात पॅड डोलवणारे, घेतले. नुसते गोल फिरणारे रोटरी यंत्र जलद काम करते, पण एका जागी उष्णता साठवते आणि नवख्या हातात कडेचा रंग उडवू शकते. ड्युअल अ‍ॅक्शनचा पॅड फिरता फिरता डोलतो, त्यामुळे चूक सुधारायला अवधी मिळतो. तरीही कडा, बॉनेटवरच्या उंचवट्याच्या रेषा आणि काळे प्लॅस्टिक मास्किंग टेप लावून झाकले, कारण कडांवर थर सर्वांत पातळ असतो आणि पॉलिशचा पांढरा डाग खडबडीत प्लॅस्टिकमधून निघता निघत नाही.

सुरुवात मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिशने, डिकीच्या झाकणावर हातभर जागेत केली. वाटाण्याएवढे चार थेंब, मध्यम गती, आधी आडवे आणि मग उभे असे चार ते सहा फेरे, तेही अगदी सावकाश. पुसल्यावर जागा आरशासारखी दिसली. मग पाण्यात १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून तीच जागा पुसली आणि टॉर्च धरला, तर जवळपास निम्मे ओरखडे जिथल्या तिथे होते. पॉलिशमधल्या तेलाने ते भरून निघाल्यासारखे दिसत होते, इतकेच. ही एक चाचणी केली नसती तर उरलेल्या संपूर्ण गाडीवर मी खोट्या चकाकीवर समाधान मानले असते. मध्यम कठीण पॅडने दुसरी फेरी घेतल्यावर बहुतेक जाळे खरोखर गेले आणि शेवटी मऊ पॅडने धूसरपणा काढला. गाडी अशी हातभर चौकोनांत करत गेलो आणि प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ केला. घासून निघालेला रंग आणि जुने पॉलिश त्यात साचले की तोच पॅड नव्या रेघा पाडतो.

मागच्या दरवाजावर एक चरा असा आहे की त्यात नख अडकते. तो मी सोडून दिला. नख अडकण्याइतका खोल चरा घासून काढायचा तर आजूबाजूचा थर धोक्यात येतो, आणि दोन पावलांवरून तो दिसतही नाही. जुनी गाडी विकत घेतलेली असेल आणि आधी कोणी किती घासले आहे हे ठाऊक नसेल, तर थराची जाडी मोजल्याशिवाय कडक कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारे पॉलिश, वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

संरक्षणासाठी मी बॉनेटचे दोन भाग केले: डावीकडे कार्नोबा वॅक्स (वनस्पतीपासूनचे मेण), उजवीकडे पॉलिमर सीलंट (कृत्रिम संरक्षक लेप), उरलेल्या गाडीला सीलंटच. सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर वाळून कडक होणाऱ्या लेपाचा, मोह होता, परंतु ते पुसायला काही क्षण जरी उशीर झाला तरी राहिलेला गडद पट्टा पुन्हा पॉलिश करूनच काढावा लागतो, आणि त्याच्या जाहिरातीतले ९एच हे पेन्सिलने ओरखडण्याच्या चाचणीतले माप आहे, उडालेल्या खड्यापासूनच्या संरक्षणाचे नव्हे. वॅक्सची बाजू पहिले दोन आठवडे किंचित अधिक ओली आणि खोल काळी वाटली. तिसऱ्या आठवड्यानंतर मला दोन्ही बाजूंत फरक ओळखता आला नाही. सहाव्या आठवड्यात वॅक्सवर पाण्याचे थेंब न राहता ते पसरू लागले. सीलंटवर पाचव्या महिन्यापर्यंत थेंब गोल उभे राहत होते. मात्र थेंब बसके दिसले म्हणजे थर संपला असे लगेच समजू नये, कारण मध्यंतरी एकदा सीलंटवरही पाणी पसरू लागले होते आणि शॅम्पूने नीट धुतल्यावर थेंब पुन्हा उभे राहिले. थर मळाने झाकला गेला होता.

पक्ष्यांच्या विष्ठेपुढे मात्र दोन्ही थर अपुरे पडले. तिसऱ्या महिन्यात टपावर पडलेला डाग दोन दिवस तसाच राहिला. विष्ठेत यूरिक आम्ल असते. त्यात भर म्हणजे उन्हात पारदर्शक थर मऊ होऊन प्रसरण पावतो आणि संध्याकाळी थंड होताना वाळलेल्या डागाभोवती आकसतो. डाग धुतल्यावर नाण्याएवढे निस्तेज कडे उरले, हाताने पॉलिश केल्यावर ते फिके झाले, पण टॉर्चखाली त्याची कडा आजही दिसते. तेव्हापासून डिकीत पाण्याची बाटली आणि स्वच्छ मायक्रोफायबरचे (अतिबारीक तंतूंचे) फडके ठेवतो: ओले फडके पाच मिनिटे डागावर ठेवायचे आणि मग न घासता उचलायचे.

दुसरा त्रास जड पाण्याचा. संरक्षक थरावर थेंब सुंदर उभे राहतात, पण तेच उन्हात वाळले की त्यांतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पांढरी कडी होऊन मागे राहतात, आणि काळ्या रंगावर ती लपत नाहीत. ताजी कडी सौम्य केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसून लगेच धुतली की जातात, जुनी रंगात कोरली जातात. त्यामुळे शेवटचे पाणी आता मी नळीच्या उघड्या तोंडातून संथ सोडतो. ते चादरीसारखे घसरते आणि मागे थोडेच थेंब उरतात. ते मोठ्या टॉवेलने, दाब न देता टिपून घेतो.

धुण्याची पद्धत बदलली, आणि माझ्या मते आठ महिन्यांचे निम्म्याहून अधिक श्रेय तिला आहे. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत हातमोजा खंगाळायचे साधे पाणी, वाळू खाली बसून राहावी म्हणून दोन्हींच्या तळाशी जाळी, आणि काम टपापासून खाली. मायक्रोफायबरची शिवलेली लेबले कापून टाकली आहेत आणि ती फडकी धुताना कपडे मऊ करणारे द्रावण घालत नाही. जमिनीवर पडलेले फडके चाकांसाठी वेगळे काढतो. कोरड्या फडक्याने गाडी आठ महिन्यांत एकदाही पुसलेली नाही; धुळकट गाडी चालवायची सवय व्हायला मला महिनाभर लागला.

पाचव्या महिन्यात वेळ नव्हता म्हणून एकदा गाडी बाहेर धुवायला दिली. तिथे एकच ब्रश आधी चाकांवर आणि मग दरवाजांवर फिरवला गेला. परत आली तेव्हा डाव्या पुढच्या दरवाजावर वीतभर लांबीच्या सरळ, समांतर रेघा होत्या. चार महिन्यांहून अधिक काळ जपलेली बाजू एका धुण्यात गेली याचे मला आजही वाईट वाटते.

आज टप आणि बॉनेट उत्तम स्थितीत आहेत. टॉर्च धरला तर बारीक रेघा दिसतात, दिव्याखाली जाळे दिसत नाही. दारांच्या हँडलमागच्या खोलगट भागात नखांच्या रेघा परत आल्या आहेत. दोन दारांमधल्या खांबांवरचे चकचकीत काळे प्लॅस्टिक सर्वांत लवकर बिघडले. ते फारच मऊ असते, तिथे मी आता हात लावण्याआधी पाणी सोडतो. सहाव्या महिन्यात संपूर्ण गाडीला सीलंटचा नवा हात दिला, या वेळी बॉनेटच्या दोन्ही भागांना तोच. पुढच्या महिन्यात फक्त डावा पुढचा दरवाजा मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने करणार आहे, बाकी गाडीला यंत्र लावणार नाही.