अ‍ॅडम्स पार्क, हाय विकम: छोटं मैदान, पैसे वसूल

इंग्लंडला आलेल्या पाहुण्याला फुटबॉल मॅच दाखवायची म्हटलं की सगळे मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डचं नाहीतर लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डचं नाव काढतात. तिथं आधी मेंबरशिप घ्या, मग तिकिटासाठी नशिबाकडं डोळे लावून बसा, आणि मिळालंच तर वरच्या कोपऱ्यातून खेळाडू मुंग्यांएवढे दिसणार. मी हल्ली पाहुण्यांना विकम वाँडरर्स या छोट्या क्लबच्या अ‍ॅडम्स पार्कला नेतो. लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनावरून गाडीनं अर्धा-पाऊण तास. मैदानात माणसं मावतात जेमतेम 10 हजार. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या फुटबॉल टीमांची ईर्षा बघत वाढलोय. 10 हजारांचा आवाज कमी असतो असं मला कुणी सांगू नये.

आधी जागेबद्दल. 1990 साली उघडलेलं हे मैदान औद्योगिक वसाहतीच्या पार शेवटच्या टोकाला आहे. गोदामं, गॅरेजं, शटर ओढलेली युनिटं ओलांडत जायचं, आणि रस्ता संपतो तिथं फाटक. पलीकडं एकदम टेकडी आणि झाडी. वर बघितलं की लाल घारी घिरट्या घालत असतात. इंग्लंडातून त्या पार नाहीशा झाल्या होत्या, 1989 पासून चिल्टर्नच्या डोंगरात परत आणून सोडल्या. याच डोंगरातल्या बीचच्या लाकडावर गावात खुर्च्यांचा धंदा उभा राहिला, म्हणून टीमचं टोपणनाव ‘चेअरबॉइज’. मॅच रटाळ निघाली तर घारी बघाव्यात. मी बघितल्यात.

तिकीट 25 पौंडांच्या आसपास. बसायच्या जागा आहेत, पण गोलमागच्या पायऱ्यांवर उभं राहूनच बघा, आवाज तिथलाच. बिअर घेऊन जागेवर जाता येत नाही. मैदान दिसेल अशा ठिकाणी दारू चालत नाही, हा 1985 पासूनचा देशाचा कायदा आहे, स्टीवर्डशी वाद घालू नका. खायला पाय (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) आणि चिप्स, दोन्ही गरम असतात तोवर बरे. थंडीत बरेच जण बॉव्रिल पितात. तो गोमांसाचा अर्क आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी चहाच घ्यावा.

मी तिथं पहिल्यांदा गेलो तो मात्र एका माणसासाठी: 20 नंबरचा स्ट्रायकर अडेबायो अकिनफेन्वा. वजन 100 किलोच्या घरात. व्हिडिओ गेममध्ये सगळ्यात ताकदवान खेळाडू म्हणून पोरांना तो माहीत असतो, पण त्याची खरी कारकीर्द वाचली की गेम फिका पडतो. लंडनचा हा पोरगा 2001 मध्ये गेला कुठं, तर लिथुआनियात, क्लायपेदाच्या अटलांटास क्लबात. तिथं प्रेक्षकांकडून वर्णद्वेषी शिव्या खाल्ल्या, आणि कपही जिंकला. परत आल्यावर वेल्समधला बॅरी टाउन, आणि मग एकाच मोसमात बोस्टन युनायटेड, लेटन ओरिएंट, रशडन, डॉनकास्टर. सामान सोडायलाही सवड मिळाली नसेल. पुढं टॉर्की, मग स्वॉन्सी. तिथं नव्या स्टेडियमवरचा पहिला अधिकृत गोल त्याचा, आणि 2006 च्या प्लेऑफ फायनलमध्ये (वरच्या लीगमध्ये जायची शेवटची जागा ठरवणारी मॅच) शूटआउटला चुकलेल्या पेनल्टींमधली एक त्याचीच. नंतर पाय मोडला. मिलवॉलमध्ये एकही गोल नाही. मग नॉर्थॅम्प्टन, गिलिंगहॅम, पुन्हा नॉर्थॅम्प्टन, पुन्हा गिलिंगहॅम.

एएफसी विम्बल्डन या क्लबकडून 2015 च्या जानेवारीत एफए कपात त्यानं लिव्हरपूलवर, म्हणजे स्वतःच्याच लाडक्या टीमवर, गोल मारला. मे 2016 मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर प्लेऑफ फायनलच्या शेवटी पेनल्टी मारून टीमला वर चढवलं. करार मात्र संपला होता. मॅच संपल्यासंपल्या टीव्हीवर त्यानं सांगितलं की मी बेकार आहे, मॅनेजर लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकावा. मेसेज कामी आला तो विकमचा तेव्हाचा मॅनेजर गॅरेथ एन्सवर्थ याचा. एन्सवर्थ स्वतः गावोगावच्या क्लबांतून खेळलेला, त्याला हा माणूस न कळता तर नवल.

त्याला खेळताना बघणं म्हणजे काय, ते टीव्हीवर कळायचं नाही. तो बदली म्हणून कपडे काढायला लागला की पायऱ्यांवर हलकल्लोळ. गोलकडं पाठ करून उभा राहायचा, छातीवर बॉल घ्यायचा, आणि मागचा डिफेंडर बुलेट ओढून थकलेल्या माणसासारखा ढकलत राहायचा. बॉल लगेच बाजूला देऊन मोकळा. धावायचा फार नाही, पण कुठं उभं राहायचं ते पक्कं ठाऊक. 2018 मध्ये विकमची टीम लीग टू या चौथ्या पातळीवरून वर आली, जुलै 2020 मध्ये करोनामुळं रिकाम्या वेम्बलीत ऑक्सफर्डला 2-1 हरवून इतिहासात पहिल्यांदा चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पातळीवर, गेली. या वेळी तो म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅपवर आता फक्त (लिव्हरपूलचा तेव्हाचा मॅनेजर) क्लॉपनं यावं. क्लॉपनं खरंच व्हिडिओ पाठवला. 2022 मध्ये, वयाच्या 40 व्या वर्षी, वेम्बलीवरच संडरलंडकडून हरून तो थांबला.

तो नसताना जाण्यात अर्थ आहे का? आहे. या पातळीवरचे बहुतेक खेळाडू एक-दोन वर्षांच्या करारावर असतात. मे महिन्यात क्लब यादी लावतो, कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं. 30 जूनला करार संपतो. मीही कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस, त्यामुळं फेब्रुवारी-मार्चमधला त्यांचा खेळ मी वेगळ्या नजरेनं बघतो. तिसावं ओलांडलेला सेंटर बॅक एका फालतू थ्रोसाठी का भांडतोय, ते मला सांगावं लागत नाही. आणि तो काय बोलतोय ते इथं ऐकूही येतं, इतकं जवळ असतं सगळं.

पाचपैकी चार. एक कापला तो रस्त्यासाठी: आत-बाहेर करायला एकच वाट, त्यामुळं मॅच सुटल्यावर गाड्यांची रांग लागते. स्टेशनावरून चालत तासाभराच्या आत पोचता येतं, परत येताना तर चालणंच शहाणपणाचं. सुंदर पासिंगचाच नाद असेल त्यांनी इथले पैसे वाचवावेत. लहान पोरं असतील तर शनिवारची दुपारी तीनची मॅच धरा, मंगळवार रात्रीची नको. त्या खोऱ्यात थंडी हाडात शिरते.