डॅन्यूबच्या क्रूझमध्ये प्राग दिसलं, तरी आम्ही पैसे भरले

५,२९,२०० रुपये. दोघांची सात रात्रींची डॅन्यूब नदीवरची क्रूझ, पासाऊ ते बुडापेस्ट, वाटेत प्रत्येक थांब्यावर शहरदर्शन. जहाजावर आमच्या नावाची केबिनच नव्हती. पॅकेज ४,८०,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी २४,०००, आणि त्या बेरजेवर ५ टक्के टीसीएस, म्हणजे एजंटने आपल्याकडून घेऊन सरकारजमा करायचा आगाऊ आयकर, २५,२००. हिशेब रुपयापर्यंत चोख. लुबाडणारा माणूस टीसीएस लावून बिल देईल, असं कुणाच्या तरी मनात येईल का?

एजंटने केलं ते असं. क्रूझ कंपन्या एजंटांना केबिन काही दिवस पैसे न भरता धरून ठेवू देतात. त्याला ‘ऑप्शन’ म्हणतात. ऑप्शनलाही नंबर मिळतो, कंपनीच्या लोगोची पीडीएफ निघते, त्यावर प्रवाशांची नावं येतात. मुदतीत डिपॉझिट गेलं नाही की ऑप्शन आपोआप रद्द. आम्ही १,००,००० दिले २० फेब्रुवारी २०२५ ला. ऑप्शन संपला २७ फेब्रुवारीला. उरलेले ४,२९,२०० भरले १५ मार्चला, म्हणजे केबिन सुटून सोळा दिवस झाल्यावर.

आणि हे पीडीएफमध्येच लिहिलेलं होतं. वर ठळक बुकिंग नंबर, उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘स्टेटस : ऑप्शन’, खाली तारीख. आम्ही नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, आणि स्टेटस वाचलंच नाही. केबिन नंबर का नाही, हे मात्र विचारलं होतं. ‘गॅरंटी कॅटेगरी आहे, नंबर निघायच्या आधी मिळतो.’ अशी कॅटेगरी खरंच असते, म्हणून गप्प बसलो. अर्धवट माहिती असली की असं होतं.

पण प्राग! थांब्यांच्या तक्त्यात लिंझ, व्हिएन्ना, प्राग, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, आणि प्रत्येकासमोर जहाज लागण्याची वेळ. प्राग डॅन्यूबवर नाहीच. ते व्लताव्हाकाठी आहे, ती नदी एल्बेला मिळून उत्तर समुद्राकडे जाते आणि डॅन्यूब जाते काळ्या समुद्राकडे. जहाज तिथे पोचणार कसं? क्रूझ कंपन्या प्राग देतात ते क्रूझच्या आधी किंवा नंतर, बस आणि हॉटेलचं वेगळं पॅकेज म्हणून. साल्झबर्गही बसनेच, लिंझ किंवा पासाऊहून. त्याच तक्त्यात ‘व्हिएन्नात उतरताच समोर सेंट स्टीफन्स कॅथेड्रल’ असंही होतं. क्रूझची जहाजं लागतात राइक्सब्रुके पुलाजवळ. तिथून शहराच्या मध्यात जायला यू-१ मेट्रो धरावी लागते. हे सगळं आम्हाला माहीत होतं. ‘टायपिंगची चूक असेल’ असं एकमेकांना सांगून आम्ही पैसे भरले. नुकसानीपेक्षा हे जास्त खुपतं.

बरं, व्हिसाही त्याच पीडीएफवर मिळाला. मग शंका घ्यायची कुणी? प्रत्येकी ९० युरो फी गेली, ती परत मिळत नाही. विमानाची तिकिटं रद्द केली त्यात ३८,६०० कापले.

फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतलेला टीसीएस एजंटने १५ मेपर्यंत २७ईक्यू या विवरणपत्रात दाखवायचा होता. मग तो आमच्या २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा कराच्या उताऱ्यात, दिसला असता. जुलैत रिटर्न भरताना पाहिलं तर शून्य. ‘पोर्टल उशिरा अपडेट होतं सर.’ हेही ऐकून घेतलं. ऑगस्टमध्ये सरळ क्रूझ कंपनीला ईमेल केली, तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं : डिपॉझिट आलंच नाही, ऑप्शन २७ फेब्रुवारीला रद्द. ती ईमेल फेब्रुवारीतच करायला काय झालं होतं? पैसे भरण्याआधी बुकिंग नंबर घालून कंपनीलाच विचारा : कन्फर्म आहे का, डिपॉझिट जमा आहे का, बाकी किती.

पोलीस ठाण्यात चार चकरा. पहिल्यांदा ‘हा सिव्हिल मॅटर आहे’. दुसऱ्यांदा ‘एजंटचं ऑफिस आमच्या हद्दीत नाही’. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे तक्रारदाराने ठाणे अंमलदाराला सांगायचं! तिसऱ्यांदा व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंटसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं, प्रमाणपत्र मागितलं. ते नेलं तर साहेब बंदोबस्तात. वर ‘एवढे शिकलेले तुम्ही’ हे प्रत्येक वेळी फुकट. भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) मध्ये फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नागरिक सुरक्षा संहितेतली १४ दिवसांची प्राथमिक चौकशी सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे, म्हणजे इथे तीही लागू नाही. आमचे ४१ दिवस झाले, कागद टेबलावरच. ठाण्यात दाद लागली नाही तर १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं. आम्ही पाठवलं, पोच आली, पुढे काही नाही. बँकेचं उत्तर त्याहून कोरडं : ‘व्यवहार तुम्ही स्वतः केलात.’ एजंटचं खातं तोवर रिकामं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा तो पहिल्या काही तासांत. आमच्यासारखा पाच महिन्यांनी केला तर तक्रार क्रमांक तेवढा मिळतो.

‘कार्डाने भरलं तर दोन टक्के जास्त, एनईएफटी करा’ असं कुणी म्हणालं की कार्डानेच भरा. त्या दोन टक्क्यांत चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत मागण्याचा, दरवाजा उघडा राहतो. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा. आमच्या एजंटचा वर्षभरापूर्वीच रद्द झालेला निघाला. बघायला एक मिनिट लागतं.

ग्राहक आयोगात मात्र घरबसल्या तक्रार दाखल झाली. ई-जागृती या पोर्टलवर, आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंत फी नाही. आमची रक्कम २९,२०० ने वर, म्हणून २०० रुपये भरले. तारीख मिळाली आहे.

एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर काल पुढच्या वर्षीची क्रूझ होती. ‘शेवटच्या दोन केबिन’. थांबे तेच, प्रागसकट.