सोमवारी दुपारी तीन ते पाच : सरकारी दप्तर पाहण्याची सोय कितपत कामाची?

सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने एक सोय करून दिली. जिल्हा पातळीवरच्या व त्याखालच्या सरकारी कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख, म्हणजे सरकारी दप्तर, पाहता येतात. सोमवारी सुट्टी आली, तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत हा प्रयोग आधी झाला होता, तोच मग राज्यभर लावला. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या माणसासाठी ही सोय कशी आहे, हे इथे पाहू. गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. दीड गुण कापण्याची कारणं ओघात येतीलच.

आधी ती चांगली का, ते. माहिती अधिकारात अर्ज करणारे बहुतेक जण पहिली चूक अर्जातच करतात: ‘मागील दहा वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती मिळावी.’ महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे असा अर्ज तिथेच अडकतो. नाही अडकला, तर ‘१४०० पाने, प्रति पान २ रुपये, एकूण २८०० रुपये भरावेत’ असं पत्र येतं. तेच आधी दप्तर चाळून हवी ती अकरा पानं टिपून ठेवली, तर काम २२ रुपयांत होतं. शिवाय फायलीत काय आहे यापेक्षा काय नाही, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. टिपणीवर सही नाही, कोटेशन तीन हवी होती तिथे एकच आहे, अशा गोष्टी कोणी झेरॉक्स काढून देत नाही.

जाताना साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज न्यावा: कोणत्या विषयाचं, कोणत्या वर्षाचं दप्तर पाहायचं आहे. एक प्रत आवक बारनिशीत (आलेल्या कागदांच्या नोंदवहीत) नोंदवून दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ही पोच फार महत्त्वाची. ‘रेकॉर्ड कीपर रजेवर आहेत’, ‘कपाटाची चावी साहेबांकडे आहे’ ही उत्तरं ठरलेली असतात, आणि पोच नसेल तर तुम्ही आला होता याचा पुरावाच राहत नाही. शुक्रवारी फोन करून ठेवला, तर निम्मी फेरी वाचते. मोबाइलने फोटो काढू देतील की नाही, हे त्या-त्या टेबलावर ठरतं. टिपणं घेण्याचा हक्क मात्र कायद्यातच आहे, तेव्हा वही-पेन्सिल न्यावी.

परिपत्रक माहीतच नाही असं म्हणून परत पाठवलं, तर वाद घालत बसू नये. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये अवलोकनाचा, म्हणजे कागद पाहण्याचा, हक्क मुळातच आहे. जोडपत्र ‘अ’ (माहितीच्या अर्जाचा ठरलेला नमुना) भरावं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि लिहावं: ‘प्रथम अभिलेखाचे अवलोकन, त्यानंतर निवडलेल्या पानांच्या सत्यप्रती.’ मग तारीख त्यांना द्यावीच लागते. पाहण्याचा पहिला तास फुकट असतो.

आता या सोयीचं खरं दुखणं, ज्यासाठी एक गुण कापला. दप्तर खुलं असतं, पण ते कोणत्या कपाटात आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं. गावातल्या सिमेंट रस्त्याचं उदाहरण घेऊ. ग्रामपंचायतीत आप्पांकडे (ग्रामसेवकाचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालं, तरी तोंडी आप्पाच) नमुना ५ ही रोकड वही, खर्चाची प्रमाणकं (व्हाउचर) आणि ग्रामसभेचं प्रोसिडिंग मिळेल. रस्ता किती झाला, हे त्यातून कळत नाही. ते असतं मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, आणि एमबी बहुतेक वेळा तालुक्याला बांधकाम उपविभागात शाखा अभियंत्याकडे असते. म्हणून घरी बसून ई-ग्रामस्वराज पोर्टलवर त्या कामाच्या खर्चाची तारीख आणि रक्कम काढावी. ग्रामपंचायतीत त्या तारखेचं प्रमाणक पाहावं. त्याला जोडलेल्या बिलावर एमबीचा क्रमांक आणि पान असतं, ते टिपून पुढच्या सोमवारी तालुक्याला जावं.

एमबीत ओळ अशी दिसते: १ × १०० × ३ × ०.१५ = ४५. म्हणजे शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर जाड, एकूण ४५ घनमीटर काँक्रीट. गावात जाऊन टेप लावा. जाडी रस्त्याच्या उघड्या कडेला किंवा शेवटच्या टोकाला मोजता येते. रुंदी पावणेतीन मीटर आणि जाडी दहा सेंटिमीटर भरली, तर काँक्रीट साडेसत्तावीस घनमीटरच होतं. खालचा मुरूम आणि खडी एमबीत वेगळ्या ओळींत असतात, ते जाडीत धरू नका. तक्रार नेमकी इथेच फसते.

खानदेशात आणखी एक गुंता आहे, तो जिल्ह्यांच्या वाटण्यांचा. १९०६ पर्यंत एकच खानदेश जिल्हा होता. मग पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, त्यांचे पुढे जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. त्यामुळे शहादा, तळोदा, नवापूरकडचं जुनं प्रकरण नंदुरबारच्या अभिलेख कक्षात सापडलं नाही, तर ते नष्ट झालं असं धरून चालू नये. धुळ्याला विचारावं, आणि अर्जात गावापुढे ‘पूर्वीचा पश्चिम खानदेश जिल्हा’ असं लिहावं. मुक्ताईनगरचे जुने कागद एदलाबाद नावाने लागतात. जळगाव आणि धुळे या महापालिका २००३ मध्ये झाल्या, त्याआधीचे बांधकाम परवाने आणि ठराव नगरपालिकेच्या दप्तरात. चुकीच्या कार्यालयात अर्ज पडलाच, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ (३) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. तेवढं वाक्य अर्जाच्या शेवटी लिहून ठेवावं.

जमिनीच्या कागदांसाठी सोमवारची वाट पाहायची गरज बरेचदा नसते. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. जुने स्कॅन झालेले फेरफार आणि सातबारेही तिथल्या ‘आपले अभिलेख’ सेवेत शोधता येतात. पण स्कॅनिंगमध्ये पान उलटं-सुलटं झालेलं किंवा शेजारच्या गावाच्या नावाखाली गेलेलं असू शकतं, म्हणून एक गट सापडला नाही की मागचे-पुढचे दहा फेरफार चाळावेत. बांधाचा वाद असेल, तर तलाठ्याकडे हेलपाटे घालून उपयोग नाही. टिपण, गुणाकार बुक, फाळणी नकाशा आणि आकारफोड पत्रक हे मोजणीचे आणि पोटहिश्शांचे कागद भूमि अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे असतात. तिथे नक्कल अर्ज करावा, माहितीचा नव्हे. नक्कल मिळण्याची वेगळी वाट असताना माहिती अधिकार वापरला, की ‘नियमित अर्ज करावा’ असं उत्तर येतं आणि महिना जातो.

घराच्या नमुना ८ च्या (घरपट्टी आकारणीच्या) उताऱ्याचंही तसंच. तो लोकसेवा हक्क कायद्याखाली २० रुपयांत, पाच दिवसांत मिळायला हवा. त्यासाठी माहितीचा अर्ज म्हणजे तीस दिवसांचा वेळ स्वतःहून देणं.

जातपडताळणीसाठी येणाऱ्यांची गर्दी वेगळीच. त्यांना हवा असतो कोतवाल बुकाचा, म्हणजे गाव नमुना १४ चा उतारा, ज्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीसमोर जात लिहिलेली असते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, त्यामुळे त्यानंतरची बुकं चाळण्यात वेळ घालवू नये. जुनी पानं मोडी लिपीत असतात. २०२३ च्या कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत अशी बरीच पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली, तीही आधी पाहावीत. मोडी वाचणारा माणूस सोबत न्यावा, कारण पंजोबांचं पूर्ण नाव क्वचितच असतं. ‘नारायण वल्द दगडू’ (दगडूचा मुलगा नारायण) एवढ्यावरच ओळख पटवायची असते. कागद जीर्ण असेल तर बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. तसं करणारे कमी नाहीत.

‘अभिलेख आढळून येत नाही.’ या एका ओळीवर समाधान मानू नये. प्रत्येक फायलीला वर्ग असतो: ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, ‘ड’ एक वर्षाचा. फाइल नियमाने नष्ट केली असेल तर त्याची नोंद हवी. ती नोंदवही पाहायला मागा. नोंदही नाही आणि फाइलही नाही, तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख करून पत्र द्यावं. त्यात अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. असं पत्र गेल्यावर गठ्ठे पुन्हा एकदा झटकले जातात.

अपिलाची पायरी मात्र कंटाळवाणी. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील: जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचा स्टॅम्प. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, तेव्हा झेरॉक्सचे पैसे भरू नयेत. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे, आणि तिथली रांग मोठी आहे. म्हणूनही आधी पाहून घेतलेलं बरं.

उरलेला अर्धा गुण वेळेसाठी कापला. अक्राणी किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून आलेल्या माणसाला पाच वाजता नंदुरबारात मोकळं सोडलं, तर तो घरी कसा पोहोचणार? या पेसा भागात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामसभेच्या कोषात येतो, म्हणजे तिथल्या लोकांना हिशेब पाहायची गरज जास्त, आणि सोय मात्र शहरातल्या माणसाच्या घड्याळावर. त्यांनी कोष समितीचं बँक पासबुक आणि रोकड वही ग्रामसभेतच वाचून दाखवायला सांगावी, आणि जिल्ह्याच्या कागदांसाठी स्पीड पोस्टने अर्ज पाठवावा. अर्जात पानांची संख्या आधी कळवायला सांगितली, म्हणजे पैसे किती पाठवायचे ते घरबसल्या समजतं.