कोणत्या पाण्यात पोहावं? गोळ्या, द्रव क्लोरीन, मीठ, ब्रोमीन आणि ‘क्लोरीनमुक्त’ तलाव यांची तुलना

स्वतःचा तलाव बांधायचा असो किंवा मुलांना पोहायला कुठे घालायचं हे ठरवायचं असो, पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘क्लोरीनचा तलाव की मिठाचा?’ माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. डोळे चुरचुरणं, अंग कोरडं पडून खाजणं, तलावातून बाहेर आल्यावर खोकल्याची ढास लागणं या तक्रारी बहुतेक वेळा तीन गोष्टींमुळे होतात: पाण्यात मोकळं, म्हणजे जंतू मारायला उरलेलं क्लोरीन किती आहे, घाणीशी संयोग होऊन अडकून पडलेलं किती आहे आणि पाण्याचा पीएच म्हणजे सामू किती आहे. पद्धत कोणतीही घ्या, या तिन्हींकडे लक्ष देणारा माणूस नसेल तर ती पोहणाऱ्यांना त्रासच देणार.

आधी वासाबद्दल

आवारात शिरताच उग्र वास आला की लोक म्हणतात, ‘भरपूर क्लोरीन आहे, पाणी स्वच्छ असणार.’ प्रत्यक्षात नीट राखलेल्या पाण्याला फारसा वास येत नाही. घाम आणि लघवी यांतल्या युरियासारख्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात. त्यांतलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात थांबत नाही, वर हवेत येतं. डोळे झोंबवणारं आणि घसा खवखवायला लावणारं मुख्यतः तेच. म्हणून उग्र वास आला तर जंतू मारायला उरलेलं क्लोरीन कमी आणि घाणीत अडकलेलं जास्त असण्याची शक्यता आधी धरावी.

डीपीडी चाचणीत, म्हणजे क्लोरीन मोजायच्या रंग बदलणाऱ्या गोळ्यांच्या किटमध्ये, हे डोळ्यांना दिसतं. १० मिलिलिटर पाण्यात १ नंबरची गोळी चुरली की पाणी गुलाबी होतं; हा रंग मोकळ्या क्लोरीनचा. मग त्याच नळीत ३ नंबरची गोळी टाकायची. रंग होता तेवढाच राहिला तर पाणी चांगलं आहे. गुलाबी गडद झाला तर जितका फरक पडला तितकं संयुक्त, म्हणजे अडकलेलं क्लोरीन. डीआयएन १९६४३ हे जर्मन मानक त्यासाठी ०.२ पीपीएमची (म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅमची) मर्यादा घालतं. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेची तलावांसाठीची नमुना संहिता ०.४ च्या वर गेल्यास उपाय करायला सांगते. एक खबरदारी घ्या. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर दिसून उडून जातो. मग क्लोरीन शून्य आहे असं समजून कुणीतरी आणखी ओततो. पिवळा रंग देणारी ऑर्थोटोलिडीनची किट फक्त एकूण क्लोरीन दाखवते. मोकळं किती आणि अडकलेलं किती हे तिच्यातून कळत नाही, म्हणून या कामासाठी ती घेऊच नका.

पीएचचं महत्त्व याहून कमी नाही. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतं: हायपोक्लोरस आम्ल, जे जंतू झपाट्याने मारतं, आणि हायपोक्लोराइट, जे त्या मानाने फारच मंद असतं. पीएच ७.५ ला दोन्ही साधारण निम्मी-निम्मी असतात. ७.२ ला जवळपास दोन तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतं, तर ८ ला फक्त पाव. म्हणजे मापात आकडा तोच दिसतो, पण दोन तलावांची जंतू मारण्याची ताकद एकमेकींच्या अडीचपटीहून जास्त वेगळी असू शकते. आपल्या अश्रूंचा पीएच ७.४ च्या आसपास असतो, त्यामुळे ७.२ ते ७.६ हा पट्टा डोळ्यांनाही मानवतो. त्याखाली फार घसरलं तर परिणाम गंभीर होतात. १९८३ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या स्पर्धक पोहणाऱ्यांच्या दातांचं एनॅमल झिजल्याची नोंद झाली. त्यांच्या तलावाचा पीएच २.७ निघाला होता.

गोळ्या की द्रव क्लोरीन?

तरंगत्या डब्यात ठेवायच्या गोळ्या म्हणजे ट्रायक्लोर. वापरायला सोप्या, हळूहळू विरघळणाऱ्या, सुमारे ९० टक्के क्लोरीन देणाऱ्या. पण त्यांच्यासोबत सायन्यूरिक आम्लही पाण्यात जातं. उघड्या तलावात त्याचा उपयोग आहे, कारण ते नसेल तर कडक उन्हात निम्मं क्लोरीन तासाभराच्या आतच उडून जातं. अडचण अशी की क्लोरीन खर्च होतं आणि सायन्यूरिक आम्ल मागे उरतं. ट्रायक्लोरमधून १० पीपीएम क्लोरीन घातलं की सुमारे ६ पीपीएम सायन्यूरिक आम्ल वाढतं. रोज २ पीपीएम क्लोरीन लागत असेल तर महिन्याला साधारण ३६ पीपीएम. पाणी बदललं नाही तर तीन महिन्यांत शंभरी ओलांडली जाते, आणि सीडीसीची नमुना संहिता ९० च्या वर जाऊ देत नाही. हे आम्ल क्लोरीनला धरून ठेवतं, त्यामुळे किटमध्ये आकडा छान दिसतो, पण जंतू मरायला वेळ लागतो. म्हणूनच सीडीसी साध्या तलावात किमान १ पीपीएम आणि सायन्यूरिक आम्ल वापरत असाल तर किमान २ पीपीएम मोकळं क्लोरीन ठेवायला सांगते. साठलेलं आम्ल कमी करायचं तर व्यवहारात पाणी काढून नवं भरावं लागतं. ‘एवढं क्लोरीन घालूनही पाणी हिरवं का?’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा इथे सापडतं.

द्रव क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, मागे असलं काही ठेवत नाही. ५०,००० लिटरच्या तलावात १ पीपीएम वाढवायला ५० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं द्रावण अर्धा लिटर. पण ते रोज घालावं लागतं, कॅन उन्हात आणि उकाड्यात पडून राहिला तर त्याची ताकद घटते, आणि पीएच वर सरकायचा कल राहतो. कॅल्शियम हायपोक्लोराइटचं दाणेदार क्लोरीन या दोन्हींच्या मधलं: साठवायला बरं, पण पाण्याचा जडपणा वाढवतं. पाणी आधीच जड असेल तर फरशांवर पांढरा थर चढतो.

पोहणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मी द्रव क्लोरीन निवडेन. गोळ्या सुट्टीवर जाताना ठीक आहेत, वर्षभराचा मुख्य आधार म्हणून नकोत. बंद छताखालच्या तलावात ऊनच नसतं, मग तिथे सायन्यूरिक आम्ल घालायचं कारणच उरत नाही.

मीठ: नेमकं काय वेगळं मिळतं?

मिठाचा तलाव म्हणजे क्लोरीनविरहित तलाव नव्हे. पाण्यात विरघळलेल्या मिठातून वीज सोडून यंत्र जागेवरच क्लोरीन तयार करतं. जंतू मारतं ते तेच क्लोरीन, आणि घामाशी संयोग होऊन क्लोरामाइनही तीच तयार होतात. ‘मिठाचा आहे, ॲलर्जी होणार नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तरीही अशा पाण्यात बरं वाटतं हे खरं आहे आणि त्यामागे कारण आहे. त्यात लिटरला सुमारे ३ ग्रॅम मीठ असतं, अश्रूंमध्ये ९ ग्रॅमच्या आसपास आणि समुद्रात ३५. साध्या गोड्या पाण्यापेक्षा हे पाणी डोळ्यांच्या क्षारतेच्या थोडं जवळ असतं आणि अंगाला मऊ लागतं. दुसरं म्हणजे यंत्र दिवसभर थोडं-थोडं क्लोरीन सोडतं, एकदम कॅन ओतल्यावर येणारे चढउतार टळतात. माझ्या दृष्टीने मिठाचा खरा फायदा हा सातत्याचा आहे.

किंमत दुसरीकडे मोजावी लागते. या पद्धतीत पीएच सतत वर चढतो. नियमित आम्ल घातलं नाही तर तो ८ ला पोहोचतो, आणि त्याचा परिणाम वर सांगितला आहे. विजेच्या सेलवर चुन्याचा थर बसतो, तो साफ करावा लागतो. काही वर्षांनी सेल बदलावाच लागतो. शिडीचा हलका धातू आणि काठावरचा सच्छिद्र दगड खारट पाण्याने खराब होतो. ५०,००० लिटरला सुरुवातीलाच १५० किलो मीठ लागतं. वीज गेली की क्लोरीन तयार होणंही थांबतं, म्हणून थोडं द्रव क्लोरीन हाताशी हवंच.

ब्रोमीन

कोमट आणि गरम पाण्यासाठी ब्रोमीन सरस आहे. ब्रोमीनचा घामाशी संयोग होऊन बनणारी ब्रोमामाइन जंतू मारायचं काम करत राहतात आणि त्यांना वासही कमी असतो. पीएच थोडा वर गेला तरी त्याची ताकद क्लोरीनइतकी घसरत नाही. सीडीसीचा किमान आकडा तलावासाठी ३ पीपीएम, गरम पाण्याच्या स्पासाठी ४. उघड्या तलावात मात्र ते घेऊ नका: ऊन ते भराभर खातं आणि सायन्यूरिक आम्ल त्याला वाचवू शकत नाही. क्लोरीनने ज्यांच्या अंगाला खाज येते त्यांना ब्रोमीन नक्की सोसेल असंही नाही. काहींना उलट ब्रोमीनच्या पाण्यानेच पुरळ येतं.

यूव्ही, ओझोन आणि ‘क्लोरीनमुक्त’ पाटी

क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त तग धरतो. अतिनील म्हणजेच यूव्ही किरणांनी तो निकामी होतो. शिवाय यूव्ही यंत्र क्लोरामाइनही तोडतं, त्यामुळे लहान मुलांच्या तलावासाठी आणि छताखालच्या तलावासाठी क्लोरीन अधिक यूव्ही ही जोडी मला सगळ्यात पटते. ओझोन क्लोरामाइन फोडण्यात चांगला, पण तो श्वासात जाणं घातक असल्याने पाणी तलावात परतण्याआधी काढून टाकावा लागतो. यंत्रणा मोठी आणि नाजूक होते.

दोन्हींची मर्यादा एकच. यंत्रातून जाईल तेवढंच पाणी शुद्ध होतं. तुमच्या शेजारी पोहणाऱ्याने सोडलेला जंतू यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी तुमच्या तोंडात जाऊ शकतो, आणि त्या मधल्या वेळात संरक्षण असतं ते पाण्यातल्या क्लोरीनचं. म्हणून यूव्ही लावून क्लोरीन बंद केलेल्या सार्वजनिक तलावात मी मुलाला उतरवणार नाही.

तांबं-चांदीचे आयन सोडणाऱ्या यंत्रांबाबतही तेच: जंतू मारतात, पण सावकाश. वर तांबं वाढलं की फिकट केस हिरवट होतात. लोक त्याचा दोष क्लोरीनला देतात, पण तो रंग तांब्याचा. हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणाऱ्या पद्धती क्लोरीनसोबत नांदतच नाहीत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चुकून ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं गेलं, त्याने क्लोरीन निकामी केलं, आणि डायव्हिंगचा तलाव जगासमोर शेवाळाने हिरवा झाला.

छताखाली की उघड्यावर?

दमा असेल किंवा पटकन खोकला लागत असेल, तर पाण्याच्या पद्धतीपेक्षा हा निर्णय मोठा आहे. उघड्या तलावात ट्रायक्लोरामाइन वाऱ्याने निघून जातं. छताखाली ते पाण्याच्या पृष्ठभागालगत रेंगाळतं, नेमकं तिथे जिथे पोहणारा खोल श्वास घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने हवेसाठी घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचवली आहे. तलावावर जाऊन यंत्राशिवायही अंदाज येतो: संध्याकाळी, गर्दीच्या वेळी जा, दहा मिनिटं काठाशी खाली बसा. डोळे चुरचुरले, जीवरक्षक खोकताना दिसले, तर ताजी हवा आत घेत नाहीत असं समजा. पहाटेच्या रिकाम्या तलावावरून निर्णय घेऊ नका.

तिथेच आणखी दोन गोष्टी पाहा. एक, क्लोरीन आणि पीएच यांची नोंदवही दाखवतात का, आणि तिच्यात दिवसातून एकाहून जास्त नोंदी आहेत का. रोज एकसारखाच आकडा लिहिलेला दिसला तर चाचणी न करताच लिहिलेला असण्याची शक्यता मोठी. दुसरं, पाण्यात उतरण्याआधी आंघोळ सक्तीची आहे का. मिनिटभराच्या शॉवरने अंगावरचा बराचसा घाम आणि क्रीम निघून जातं, म्हणजे क्लोरामाइनचा कच्चा मालच घटतो. केस साध्या पाण्याने आधी भिजवले तर तेही तलावाचं पाणी कमी शोषतात.

माझी निवड

घरच्या उघड्या तलावासाठी, आठवड्यातून दोन-तीनदा पीएच तपासायची तयारी असेल तर मीठ. काठाला नाजूक दगड असेल किंवा वीज भरवशाची नसेल तर द्रव क्लोरीन. गरम पाण्याच्या छोट्या टबाला ब्रोमीन. छताखालच्या सार्वजनिक तलावाला क्लोरीन आणि यूव्ही, आणि पैसे अपुरे पडत असतील तर यूव्हीच्या आधी हवा खेळती करा. दम्याच्या मुलासाठी आधी उघडा तलाव शोधा, त्यात मीठ आहे की नाही हे नंतर विचारा.

दोन प्रकारचं क्लोरीन ठेवणार असाल तर जागा आधी आखा. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकमेकांत मिसळले तर आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो, त्यामुळे दोघांची मापं वेगळी आणि कपाटंही वेगळी ठेवा. आम्ल तिसरीकडे, कारण ते क्लोरीनवर सांडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि रसायन नेहमी पाण्यात घाला, रसायनावर पाणी कधीच ओतू नका.